लेप्टिन जास्त, तरी भूक का? आमचं काय चुकलं ते सांगते

ताई, आठ वर्षांच्या मुलाचं लेप्टिन वाढलेलं आलंय आणि 'हा तर भूक आवरणारा हार्मोन, मग पोरगं सारखं खायला का मागतं?' हा तुमचा प्रश्न वाचला. चार वर्षांपूर्वी लेकीचा असाच रिपोर्ट हातात घेऊन मी बसले होते.

लेप्टिन चरबीच्या पेशीच सोडतात. चरबी जितकी जास्त, तितकं तेही जास्त, पण मेंदू त्याला दाद देईनासा होतो. 1994 मध्ये ते सापडलं तेव्हा लठ्ठपणावर औषध मिळालं असंच वाटलं होतं. प्रत्यक्षात लेप्टिनच्या इंजेक्शनाचा मोठा गुण आला तो ज्यांच्या शरीरात जन्मतः लेप्टिन बनतच नाही अशा अगदी मोजक्या मुलांना. त्यामुळे 'लेप्टिन'च्या गोळ्यांच्या नादी लागू नका. ते प्रथिन आहे, तोंडावाटे घेतलं तर पोटातच पचून जातं. (दोन बाटल्या संपवून आलेलं शहाणपण!)

पण ही चूक पैशांची. खरी चूक मानेची. लेकीच्या मानेवर मागे काळसर पट्टा होता, हाताला मखमलीसारखा. मळ समजून मी रोज घासायचे, कातडी लाल होईपर्यंत. 'आई, दुखतंय' म्हणायची, तरी. ती इन्सुलिनला शरीर जुमानत नसल्याची खूण होती. रक्तात इन्सुलिन वाढलं की तिथली त्वचा जाड, काळी होते. ज्या दवाखान्यात तिचं वजन व्हायचं तिथे तीनदा ऐकलं, 'वयात आली की उंची सुटेल, आपोआप बारीक होईल.' तिचे केस उचलून मान कुणी बघितली नाही. दीड वर्ष गेलं. शेवटी पुरळ दाखवायला गेलो तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं. अजून आठवलं की संताप येतो.

आता कुणी अ‍ॅडिपोनेक्टिन या दुसऱ्या हार्मोनची तपासणी करून घ्या म्हणेल. तेही चरबीतूनच येतं, इन्सुलिनला हात देतं, आणि गंमत म्हणजे चरबी वाढली की कमी होतं. माझ्या मते त्यावर पैसे घालवू नका, आकडा कळून उपचार सहसा बदलत नाहीत. त्यापेक्षा उपाशीपोटी साखर, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), एएलटी (यकृताची तपासणी) आणि मुलांच्या मापाच्या पट्ट्याने बीपी, एवढं डॉक्टरांना विचारा. घरी कंबर मोजा. उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त भरली तर तेही सांगा. झोपेकडेही बघा, अपुरी झोप भूक वाढवते.

मी डॉक्टर नाही, एका मुलीची आई आहे, तेव्हा हे तेवढ्याच हिशेबाने घ्या. मूल तान्हेपणापासूनच अनावर भुकेलं असेल तर मात्र हार्मोनच्या तज्ज्ञांना लवकर दाखवा, जनुकांची तपासणी लागू शकते.

आज आंघोळीनंतर मान उजेडात बघा. घासू नका.