१९६९ च्या कमॅरोचे ३५० इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला मिसिंग करते. कार्ब्युरेटर बदलावा का?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा आहे: मिशिगनमध्ये तुमच्याकडे १९६९ ची शेव्हरोले कमॅरो एसएस असून तिच्यात मूळचे ३५० घन इंचांचे व्ही-८ इंजिन, क्वाड्राजेट हा चार नळ्यांचा कार्ब्युरेटर आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. हिवाळाभर गॅरेजमध्ये उभी असलेली ही गाडी थंड असताना ठीक चालते. पण इंजिन पुरते तापले की सिग्नलला गिअरमध्ये उभी असताना ते हादरते, मधूनमधून मिसिंग करते, एक्झॉस्टला पेट्रोलचा वास येतो आणि रस्त्यावर वेग घेतला की हा प्रकार जवळजवळ नाहीसा होतो. प्लग आणि त्यांच्या वायरी तुम्ही नव्या घातल्या आहेत, आणि मेकॅनिकच्या मते आता कार्ब्युरेटरच बदलायला हवा.

माझ्या मते आत्ता तो बदलू नये. मी ओहायोमध्ये राहतो, त्याच काळातले आणि त्याच घराण्यातले इंजिन वर्षानुवर्षे सांभाळतो आहे, आणि माझा अनुभव असा आहे की या इंजिनांत कार्ब्युरेटरवर आरोप आधी होतो आणि तपास नंतर. पेट्रोलचा वास हा तर मुळीच पुरावा नव्हे. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही किंवा दाब तयार झाला नाही, तरी त्या सिलिंडरने ओढलेले मिश्रण न जळता एक्झॉस्टमधून बाहेर पडते आणि त्यालाही तसाच वास येतो. तेव्हा कार्ब्युरेटर पेट्रोल जास्त देतो आहे की दिलेले पेट्रोल जळत नाही आहे, हे नाकाने ठरत नाही.

दोन सोप्या गोष्टी आधी उरकून घ्या. अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा शोषते, आणि असे पेट्रोल टाकीत काही महिने राहिले की त्यावर विसंबून निदान करण्यात अर्थ नसतो. टाकीतले जुने पेट्रोल काढून ताजे प्रीमियम भरा. या इंजिनाचा मूळ कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा) १०.२५ असल्याने त्याला प्रीमियमच लागते. मग इंजिन पूर्ण तापल्यावर एअर क्लीनर काढून चोकची, म्हणजे थंड इंजिनात हवा अडवून मिश्रण दाट करणारी, पाकळी पाहा. या वर्षीच्या क्वाड्राजेटला चोक उघडणारी द्विधातूची स्प्रिंग कार्ब्युरेटरवर नसून खाली इनटेक मॅनिफोल्डच्या खोबणीत असते आणि एक बारीक सळई पाकळीला ओढते. ती सळई वाकलेली असेल किंवा स्प्रिंग थकली असेल, तर पाकळी गरम इंजिनातही अर्धवट मिटलेली राहते. ती पूर्ण उभी असायला हवी.

यानंतर खरे काम सुरू होते, आणि ते म्हणजे दोष एका सिलिंडरचा आहे, ठरावीक चार सिलिंडरांचा आहे की सगळ्या आठांचा आहे, हे ठरवणे. यासाठी महागडे उपकरण लागत नाही. इंजिन तापलेले आणि आयडलिंगला असताना, जाड रबरी हातमोजे घालून आणि इन्सुलेटेड पकडीने, एकेका प्लगची वायर सोडून ती लगेच इंजिनाच्या धातूला टेकवा आणि टॅकोमीटरकडे पाहा. जो सिलिंडर काम करतो आहे, त्याची वायर काढताच फेरे उतरतात. जिची वायर काढून काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आळशी आहे. विजेचा धक्का नको असेल, तर इन्फ्रारेड थर्मामीटरने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक तोंडाचे तापमान घ्या. न जळणारा सिलिंडर बाकीच्यांहून स्पष्ट थंड दिसतो. हे गॅरेजचे दार उघडे ठेवून करा, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मग आठही प्लग काढून क्रमाने मांडा. ड्रायव्हरच्या बाजूला पुढून मागे १, ३, ५, ७ आणि दुसऱ्या बाजूला २, ४, ६, ८ असे सिलिंडर असतात, आणि फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२ असते. ही ऑर्डर नीट पाहिली तर एक उपयोगाची गोष्ट लक्षात येते. तुमच्या गाडीचे मूळ इनटेक मॅनिफोल्ड दुमजली आहे, म्हणजे कार्ब्युरेटरची एक बाजू १, ४, ६, ७ या सिलिंडरांना आणि दुसरी बाजू २, ३, ५, ८ यांना मिश्रण पुरवते. फायरिंग ऑर्डरमध्ये हे दोन गट आलटून पालटून येतात. म्हणून एका गटाचे चारही प्लग काळे, काजळलेले आणि दुसऱ्या गटाचे चारही प्लग फिकट तपकिरी असतील, तर कार्ब्युरेटरच्या त्या एका बाजूच्या आयडल मार्गावर संशय घेणे रास्त आहे. आठही काळे असतील तर चोक, फ्लोट किंवा एअर फिल्टर. पण एकच प्लग ओला आणि बाकी सात चांगले असतील, तर कार्ब्युरेटर जवळजवळ निर्दोष ठरतो, कारण तो एका सिलिंडरला वेगळी वागणूक देऊच शकत नाही. माझ्या दृष्टीने या तपासातली सगळ्यात मोलाची पायरी हीच आहे, आणि तुमच्या मेकॅनिकने ती केल्याचे तुमच्या वर्णनात कुठे दिसत नाही.

एकटा सिलिंडर दोषी निघाला तर आधी वायरी तपासा, कारण त्या नुकत्याच बदलल्या आहेत. ५ आणि ७ हे शेजारचे सिलिंडर लागोपाठ पेटतात. त्यांच्या वायरी डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला वीज वाटून देणाऱ्या भागाच्या) टोपीवर अदलाबदल झाल्या तर दोघेही बंद पडतात, आणि त्या एकमेकींना चिकटून समांतर नेल्या तर एकीतला विद्युतदाब दुसरीत उमटू शकतो. त्या वेगळ्या ठेवा. टोपी आतून अंधारात पाहिली तर बारीक तडे आणि काजळीच्या रेषाही दिसतात.

वायरी ठीक असतील तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, गेजने तपासा, आणि तेही गरम इंजिनावर, कारण तुमची तक्रार गरम इंजिनाची आहे. सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल (कार्ब्युरेटरमधली हवेची झडप) पूर्ण उघडा, कॉइल तोडलेली, बॅटरी भरलेली, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे. आकडा किती येतो यापेक्षा आठ आकड्यांमधला फरक महत्त्वाचा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या पाऊणपटीखाली जाऊ नये. कमी निघालेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा, नाही आला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडले असतील तर हेड गॅस्केट.

गरम झाल्यावरच व्हॉल्व्ह गळण्याचे एक कारण या इंजिनांत मला वारंवार दिसते, ते म्हणजे रॉकरचे (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या दांड्यांचे) नट गरजेपेक्षा जास्त आवळलेले असणे. यात हायड्रॉलिक टॅपेट असतात, म्हणजे कॅमच्या दांड्यावर टेकून पुशरॉडमार्फत रॉकर हलवणारी, ऑइलच्या दाबावर चालणारी नळकांडी. व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला असताना पुशरॉडमधली ढिलाई जाईपर्यंत नट आवळायचा आणि पुढे एक पूर्ण फेरा द्यायचा, ही कारखान्याची रीत. आवाज करतो म्हणून कुणी आणखी आवळला, तर टॅपेटच्या आतल्या दट्ट्याला खाली सरकायला जागा उरत नाही आणि व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो. आयडलिंगला हे ठळक जाणवते आणि वेगात झाकले जाते, जे तुमच्या वर्णनाशी जुळते. याच्या उलट, कॅमचा उंचवटा झिजला असेल तर व्हॉल्व्ह पुरता उघडतच नाही. एक्झॉस्टचा उंचवटा झिजलेला असताना जळलेला वायू बाहेर पडू न शकल्याने कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज येतो. हे रॉकरवर डायल गेज लावून मोजता येते. सपाट बुडाच्या टॅपेटना झिंक आणि फॉस्फरसची संयुगे असलेले ऑइल लागते आणि आजच्या साध्या ऑइलांत ते प्रमाण पूर्वीपेक्षा कमी असते, म्हणून ऑइल कोणते घालता हेही पाहा.

आठही सिलिंडर थोडे थोडे दोषी असतील, तर व्हॅक्यूम गेज घ्या. इनटेक मॅनिफोल्डला थेट जोडलेल्या नळीवर तो लावला की मूळ कॅमच्या निरोगी इंजिनात काटा १७ ते २१ इंच पाऱ्यावर स्थिर राहतो. तुमच्याकडची उंची जेमतेम आहे, पण डेन्व्हरसारख्या ठिकाणी हाच आकडा सुमारे पाच इंचांनी कमी दिसेल. काटा ठरावीक ताल धरून खाली आपटत असेल तर एखादा व्हॉल्व्ह. तो स्थिर पण कमी असेल तर हवेची गळती किंवा मागे पडलेले टायमिंग, म्हणजे उशिरा पडणारी ठिणगी.

हवेची गळती आयडलिंगलाच सर्वाधिक त्रास देते, कारण तेव्हा इंजिन मुळात फार थोडी हवा घेत असते. ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये सोडणारी झडप), कार्ब्युरेटरच्या बुडाचे पॅकिंग आणि व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (निर्वाताने ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेचा) पडदा एकेक करून बंद करून पाहा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मॉड्युलेटरकडे (इंजिनाच्या निर्वातावर चालणाऱ्या नियंत्रकाकडे) जाणारी नळी काढा. तिच्यात लाल ऑइल दिसले तर त्याचा पडदा फाटला आहे आणि इंजिन ते ऑइल पीत आहे. तापलेल्या एक्झॉस्टजवळ कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत सर्रास चालते, मला ती आवडत नाही. धुराच्या यंत्राने ते काम सुरक्षितपणे होते. इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट खालच्या बाजूने, टॅपेटच्या दरीत गळत असेल तर बाहेरून कितीही फवारले तरी काही कळत नाही. त्यासाठी पीसीव्हीची नळी काढून तिचे तोंड बंद करा, ऑइल भरण्याचे तोंड सोडून क्रँककेसची बाकी सर्व तोंडे बुजवा आणि त्या एका तोंडावर कागद धरा. निरोगी इंजिन कागद किंचित ढकलते. तो आत ओढला गेला तर गळती आत आहे.

टायमिंगबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण कार्ब्युरेटरवरचा खोटा आळ बहुतेकदा इथून येतो. तुमच्या गाडीत अजून पॉइंट (ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह तोडणारे संपर्क) असतील, तर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवरची छोटी खिडकी उघडून इंजिन चालू असताना ॲलन कीने स्क्रू घड्याळाच्या दिशेने मिसिंग सुरू होईपर्यंत फिरवायचा आणि अर्धा फेरा उलटा घ्यायचा. मीटरवर ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन, २८ ते ३२ अंशांत यायला हवा. वेग बदलताना ड्वेल तीन अंशांहून जास्त हलत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा दांडा किंवा बुश झिजला आहे. (प्रीमियर पद्मिनी ज्यांनी सांभाळली आहे, त्यांना पॉइंटचा हा खेळ नवा नाही.) कुणी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक संच बसवला असेल, तर त्याला पूर्ण १२ व्होल्ट लागतात का ते पाहा, मूळ वायरिंगमधली रोधक तार कॉइलचा विद्युतदाब मुद्दाम उतरवते.

आता मुख्य गोष्ट. क्रँकच्या पुढच्या टोकावरील बॅलन्सरची (कंपने शोषणाऱ्या चाकाची) बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते आणि इतक्या वर्षांत ते रबर सुटून कडी सरकते. तिच्यावरची खूणही तिच्यासोबत सरकते. मग टायमिंग लाइटखाली आकडा बरोबर दिसतो आणि खरे टायमिंग बरेच मागे असते. मागे पडलेल्या टायमिंगमुळे इंजिन आयडलिंगला धरत नाही, म्हणून कुणीतरी आयडलचा स्क्रू आवळून थ्रॉटल थोडा उघडतो. थ्रॉटल तेवढा उघडला की त्याच्या वरची फट उघडी पडते, पेट्रोल तिथून येऊ लागते आणि मिश्रणाच्या दोन स्क्रूंचा ताबा सुटतो. ते कितीही फिरवले तरी इंजिनाला फरक पडत नाही, आणि ‘कार्ब्युरेटर ॲडजस्ट होत नाही’ असा निकाल लागतो. म्हणून बॅटरी तोडून, पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप (पिस्टनला वर जाताना अडवणारा खिळा) बसवून, क्रँक हाताने दोन्ही दिशांना फिरवा आणि दोन खुणांचा मध्य काढा. तो कडीवरच्या शून्याशी जुळला नाही तर बॅलन्सर बदला. मग व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी काढून, बुजवून, सुमारे ३००० फेऱ्यांना एकूण टायमिंग ३४ ते ३६ अंशांच्या आसपास आहे का ते पाहा.

एवढे सगळे होऊनही मिश्रणाचे स्क्रू आत फिरवल्यावर इंजिन अडखळत नसेल, किंवा गरम इंजिन बंद केल्यावर विजेरीच्या उजेडात पुढच्या दोन नळ्यांत पेट्रोल ठिबकताना दिसत असेल, तर कार्ब्युरेटर उघडा. क्वाड्राजेटमध्ये जुना फ्लोट पेट्रोल शोषून जड होतो आणि पातळी वाढते. त्याचे वजन करून पाहा किंवा सरळ नवा घाला. बुडाच्या बुचांमधून झिरपणे हाही त्याचा ओळखीचा आजार आहे, आणि ती बुचे इपॉक्सीने पक्की करता येतात. वरचे झाकण पुढच्या बोल्टांनी अती आवळून वाकलेले नाही ना, तेही तपासा. मात्र त्याच्या जागी बाजारातला नवा बसवू नका: मुख्य भागाच्या ड्रायव्हरकडच्या बाजूला उभा कोरलेला क्रमांक ७०२९ ने सुरू होत असेल, तर तो १९६९ चाच कार्ब्युरेटर आहे, आणि दुरुस्तीचा संच घालून तो पुन्हा उभा करणे त्या गाडीच्या दृष्टीने केव्हाही बरे.