लिनक्सवर ब्राउझरचा आवाज रेकॉर्ड होत नाही, फक्त माइकचाच येतो, काय करू?

तुम्ही लिहिलंय की उबंटू लिनक्सवर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने ब्राउझरमधला आवाज घेताय आणि फाइलमध्ये नुसता खोलीतला आवाज. सेम माझं झालेलं. सुरतवाल्या मावशीकडून खानदेशातल्या कानबाई देवीची अहिराणी गाणी व्हिडिओ कॉलवर म्हणवून घेतली, ती बिचारी मधूनमधून "आयकू ई ऱ्हायनं का?" विचारतेय, मी म्हणतोय हो हो, आणि नंतर ऐकलं तर पाऊण तास फक्त आमच्या कूलरची घरघर. भुसावळचा मे महिना, बंद तरी कसा करणार.

बिघाड काहीच नसतो, ऑडॅसिटी माइककडे कान लावून बसलेली असते. स्पीकरला जो आवाज जातो त्याची एक कॉपी लिनक्समध्ये 'मॉनिटर' नावाने मिळते, आपल्याला ती पाहिजे.

पावूकंट्रोल (pavucontrol) इन्स्टॉल करा, कुठला आवाज कुठे जातो ते त्यातून ठरवता येतं. ऑडॅसिटीत होस्ट अल्सा (ALSA) आणि रेकॉर्डिंग डिव्हाइस पल्स (pulse) ठेवा. आता मेन गोष्ट, मी इथेच दोन दिवस घालवले: आधी रेकॉर्डिंग चालू करा, मग पावूकंट्रोलच्या रेकॉर्डिंग टॅबमध्ये जा, कारण रेकॉर्डिंग चालू नसेल तर तिथे ऑडॅसिटीचं नावच दिसत नाही आणि माणूस समजतो सॉफ्टवेअर खराब आहे. नाव दिसलं की बाजूच्या बटणातून 'मॉनिटर ऑफ बिल्ट-इन ऑडिओ' निवडा, लगेच लाटा उठायला लागतात. उबंटूच्या २२.१० व्हर्जनपासून आवाज सांभाळणाऱ्या पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आलंय, तरी पावूकंट्रोल तसंच चालतं.

तरी लाइन सपाट असेल तर इनपुट डिव्हायसेस टॅबमध्ये खाली 'मॉनिटर्स' निवडून बघा, तो म्यूट तर नाही ना. आणि ब्लूटूथ हेडफोन लावला असेल तर आवाज तिकडे जातो, मग मॉनिटरपण हेडफोनचाच निवडावा लागतो, हे कोणी सांगतच नाही राव.

मॉनिटरमध्ये सगळंच येतं बरं का, मेसेजची टिंगसुद्धा. एकाच अ‍ॅपचा पाहिजे आणि पाइपवायर असेल तर क्यूपीडब्ल्यूग्राफ (qpwgraph) घ्या, त्यात ब्राउझरपासून ऑडॅसिटीपर्यंत माउसने वायर ओढायची आणि बाकीच्या वायरी तोडायच्या. कॉलमध्ये स्वतःचा आवाजपण पाहिजे असेल तर मात्र ओबीएस (OBS) हे स्क्रीन रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बरं, माइक आणि डेस्कटॉप ऑडिओ दोन्ही एकदम घेतं. मावशीला मी दुसऱ्यांदा गायला लावलं ते ओबीएसवरच, आधी दहा सेकंदाची ट्रायल घेऊन.