करडं पडलेलं गाणं

प्रश्न : पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला रोजचं येणं-जाणं आहे. कसारा घाटात रेंज जाते म्हणून स्पॉटिफायवर जुनी गाणी डाउनलोड करून ठेवतो. त्यातली पाच-सहा अचानक करडी पडली, दाबली तरी वाजत नाहीत. पैसे भरतो, गाणी फोनमध्ये आहेत, मग गेली कशी?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : फोनमध्ये उतरते ती कुलूपबंद फाइल, किल्ली ॲपकडे. ॲप नेटला जोडलं की परवाना तपासतं. हक्कदार कंपनीने गाणं काढून घेतलं असेल तर ते वाजत नाही. ॲप कायम ऑफलाइन ठेवण्याची युक्तीही चालत नाही. 30 दिवसांत एकदा तरी ऑनलाइन आला नाहीत, तर सगळीच डाउनलोड जातात. तुम्ही भरता ते भाडं, विकत काहीच घेतलेलं नाही.

करडी ओळ घाईने पुसू नका, गेलेलं गाणं परतूही शकतं. स्पॉटिफाय फेब्रुवारी 2019 मध्ये भारतात आलं. सारेगामाने (म्हणजे जुनी एचएमव्ही) दिल्ली उच्च न्यायालय गाठलं आणि एप्रिलमध्ये तिची गाणी तिथून उतरली. जून 2020 मध्ये करार झाला, गाणी परतली.

आधी गाणं नावाने पुन्हा शोधा. एकच गाणं चित्रपटाच्या अल्बममध्ये आणि दोन-चार संकलनांत वेगवेगळ्या नोंदींखाली असतं; एक गेली तरी दुसरी चालू असू शकते. मात्र मिनिटं-सेकंद जुळतात का पाहा, नाहीतर भलत्याच गायकाने पुन्हा गायलेलं कव्हर गळ्यात पडतं. सेटिंगमध्ये अनुपलब्ध गाणी दाखवण्याचा पर्याय चालू ठेवा. तो बंद असेल तर करडी ओळही दिसत नाही आणि नेमकं काय गेलं हेच कळत नाही. यूट्यूबच्या प्लेलिस्टमध्ये काढलेल्या व्हिडिओचं नावही उरत नाही. म्हणून गाणं, चित्रपट, गायक, साल अशी यादी वहीत उतरवून ठेवा. फारच जिव्हाळ्याची गाणी असतील तर सीडी घ्या, किंवा फाइल विकत घ्या. आयट्यून्स स्टोअरच्या गाण्यांवर 2009 पासून कुलूप नाही.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाची नऊ गाणी सगळ्या ॲपवर होती. डिस्ट्रिब्युटरची (म्हणजे ॲपवर गाणी चढवून देणाऱ्या कंपनीची) वार्षिक फी भरायची राहिली आणि सगळी उतरली. दुसऱ्याकडून पुन्हा चढवली तर गाणी किती वेळा ऐकली गेली ते जुने आकडे परत मिळतील?
– भजनी मंडळ, पंचवटी

उत्तर : बहुधा मिळतील, पण एका अटीवर. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला 12 अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड असतो. पहिली दोन अक्षरं देशाची, पुढची तीन नोंदणीदाराची, मग दोन अंक सालाचे आणि शेवटचे पाच क्रमांकाचे. भारतीय कोड आयएनने सुरू होतो. परदेशी डिस्ट्रिब्युटरने दिला असेल तर क्यूझेडसारखी अक्षरं दिसतील, त्याने बिघडत नाही. नवा डिस्ट्रिब्युटर न विचारता नवा कोड चिकटवतो, आणि घोळ इथेच होतो. अपलोडच्या फॉर्ममध्ये ‘आधी कोड आहे’ असं सांगून जुना कोड स्वतः टाका. वेव्ह फाइल (ध्वनिमुद्रणाची मूळ फाइल) तीच हवी, पुन्हा मिक्स केलेली नको. गाण्याचं आणि मंडळाचं नाव जसंच्या तसं लिहा. ‘भजनी मंडळ’चं ‘भजन मंडळ’ झालं तरी गाणी दुसऱ्याच पानावर जाऊन बसतात. जुना कोड जुन्या खात्यात सापडेल. तिथे शिल्लक रक्कमही पाहा, कारण हिशेब दोन-तीन महिने मागून येतो. श्रोत्यांच्या प्लेलिस्टमध्ये गाणी आपोआप परततीलच असं धरू नका.

पुढे कधी डिस्ट्रिब्युटर बदलाल तर आधी नव्याकडून चढवा, ॲपवर दिसू लागली की मगच जुन्याकडून उतरवा.

प्रश्न : कुसुमाग्रजांच्या कवितेला आम्हीच चाल लावली, आम्हीच गायलो. तरी हक्काच्या तक्रारीवरून गाणं काढलं. असं का?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : चाल आणि आवाज तुमचा, शब्द त्यांचे. कवीच्या निधनानंतर, पुढच्या वर्षापासून मोजून 60 वर्षं हक्क राहतो. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले, म्हणजे 2059 संपेपर्यंत लेखी परवानगी लागेल. ती हक्कधारकाकडून घ्या आणि डिस्ट्रिब्युटरला पाठवा. तुकोबांच्या अभंगाला ही अडचण नाही, फक्त चाल दुसऱ्या कुणाची उचललेली नको.