वाचकांचे प्रश्न : कॅप, ब्रिज आणि शेजारचे दात

प्रश्न : खालची उजवीकडची पहिली मोठी दाढ किडली होती, दोन महिन्यांपूर्वी काढली. आता डॉक्टर ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला खोटा दात, बसवू म्हणतात. त्यासाठी पुढचा आणि मागचा असे दोन चांगले दात घासावे लागतील. एका दातापायी दोन धडधाकट दात का बिघडवायचे? जागा तशीच ठेवली तर काय होईल?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : घासलेला दात पुन्हा भरून येत नाही, म्हणून हा प्रश्न घासण्याआधीच विचारायचा असतो.

आधी जागा तशीच ठेवण्याबद्दल. मागची दाढ हळूहळू मोकळ्या जागेत कलते. वरच्या दाढेला खालून टेकू उरत नाही, म्हणून ती खाली उतरू लागते. सगळ्यांच्या तोंडात हे सारख्या वेगाने होत नाही, पण एकदा झाले की पुढचे काम अवघड होते. ब्रिज दोन्ही दातांवर एकाच दिशेने, सरळ खाली बसावा लागतो. मागची दाढ कलली असेल तर ती जास्त घासावी लागते, आणि वरची उतरली असेल तर खोट्या दाताला उंचीच उरत नाही. अक्कलदाढ काढली असेल तर मात्र तिथे काहीच बसवायची गरज नसते.

ब्रिज म्हणजे दोन कॅप (घासलेल्या दातावर चढवायच्या टोप्या) आणि त्यांना जोडलेला मधला खोटा दात, असा तीन दातांचा एकसंध तुकडा. धातूवर सिरॅमिक चढवलेला ब्रिज असेल तर आधाराचा दात बाजूंनी 1.2 ते 1.5 मिलिमीटर आणि चावण्याच्या बाजूने 1.5 ते 2 मिलिमीटर घासतात. दाताचे कठीण पांढरे आवरण चावण्याच्या टोकांवरही फार तर अडीच मिलिमीटर जाड असते आणि हिरडीकडे पातळ होत जाते. म्हणजे घासताना आतला मऊ थर उघडा पडतोच. म्हणून दोन भेटींच्या मधल्या काळात तात्पुरती कॅप हवीच, नाहीतर गार पाण्याने सळक मारते. काही दातांची नस पुढे मरते आणि रूट कॅनाल, म्हणजे नस काढून आतली पोकळी भरणे, करावे लागते. ही जोखीम डॉक्टरांनी आधीच सांगायला हवी.

शेजारच्या दोन्ही दातांत आधीच मोठे सिमेंट भरलेले असेल किंवा त्यांना तसेही कॅप लागणार असेल, तर ब्रिज योग्य. दोन्ही दात कोरे, निरोगी असतील तर इम्प्लांटची चौकशी जरूर करा. त्यात हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात. तो हाडात घट्ट होण्यासाठी साधारण 3 ते 6 महिने थांबून मग वर कॅप चढवतात. खर्च जास्त असतो आणि हाडही पुरेसे लागते, पण शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही.

ब्रिजच करायचा ठरला तर आधाराच्या दोन्ही दातांचा एक्स-रे बघायला मागा. हाडात रुतलेले मूळ हाडाबाहेरच्या भागापेक्षा लांब असावे, निदान तेवढे तरी असावेच. आणखी महिनाभर थांबलात तरी चालेल. दाढ काढलेल्या जागेची हिरडी आणि हाड साधारण तीन महिन्यांत बसते. त्याआधी ब्रिज चिकटवला तर नंतर खोट्या दाताखाली फट पडते आणि तिथे भाकरीचे कण साचतात.

प्रश्न : दाढेचे रूट कॅनाल झाले, आता दुखत नाही. तरी कॅप लागतेच का? धातूची, सिरॅमिकची की झिरकोनियाची?
– परभणीहून एक भगिनी

उत्तर : दाढ असेल तर लागते. रूट कॅनालसाठी मधून भोक पाडलेले असते, कीडही काढलेली असते, त्यामुळे भिंती पातळ झालेल्या असतात. फुटाणा किंवा सुपारी चावताना दाढ उभी चिरली, आणि ती चीर मुळापर्यंत गेली, तर दाढ काढण्याशिवाय इलाज उरत नाही. दुखणे थांबले म्हणून कॅप टाळणाऱ्यांच्या बाबतीत हेच वारंवार घडते. पुढचा दात फारसा किडलेला नसेल तर नुसते सिमेंट भरूनही भागते.

कॅपला धरायला हिरडीच्या वर चोहोबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर खरा दात शिल्लक हवा. तेवढा नसेल तर कितीही महागडी कॅप घ्या, ती निघतेच.

मागच्या, न दिसणाऱ्या दाढेला पूर्ण धातूची कॅप उत्तम. तिच्यासाठी दात सर्वांत कमी घासावा लागतो. निकेलची ॲलर्जी असेल, म्हणजे खोट्या दागिन्यांनी खाज येत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण स्वस्त मिश्रधातूत बहुधा निकेल असते. धातूवरच्या सिरॅमिकचा टवका उडू शकतो आणि हिरडी खाली सरकली की काळी रेघ दिसते. झिरकोनिया म्हणजे धातूशिवायचे, फार कडक सिरॅमिक. त्यात ती रेघ दिसत नाही आणि ताकद भरपूर असते, पण किंमत जास्त.

बसवण्याच्या दिवशी घाई करू नका. निळा कागद चावायला देऊन उंची तपासतात. कॅप किंचित जरी उंच वाटली तरी लगेच सांगा. ‘चार दिवसांत सवय होईल’ म्हणून सोडली तर दाढ ठणकू लागते. पहिले 24 तास चिकट आणि कडक खाऊ नका.

प्रश्न : आमच्या भागातल्या पाण्याने दात पिवळे-तपकिरी झालेत. लग्न ठरतेय. पुढच्या सहाही दातांवर कॅप बसवू का?
– किनवट तालुक्यातून एक तरुण

उत्तर : एवढ्यात नको. हे डाग फ्लोराइडचे असावेत, आणि ते लहानपणी दात घडतानाच पडतात. दात मजबूत असतील तर ब्लीचिंग, वरचा डागाळलेला थर हलका खरवडणे, दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट लावणे हे आधी करून बघा. तेवढ्याने भागले नाही तर व्हिनिअर, म्हणजे दाताच्या पुढून चिकटवायचा पातळ पापुद्रा. त्यासाठी फक्त पुढच्या बाजूने साधारण अर्धा मिलिमीटर घासतात. कॅप हा शेवटचा पर्याय.

घरात लहान मुले असतील तर बोअरचे पाणी तपासून घ्या. भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त दीड. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होते.

प्रश्न : आईचे वय 62. डाव्या बाजूच्या खालच्या शेवटच्या तिन्ही दाढा नाहीत. साखर आहे, मिसरीची सवय आहे. आठवडी बाजारात एक जण तासाभरात ‘फिक्स दात’ बसवून देतो म्हणतो. बसवावेत का?
– गेवराई तालुक्यातून एक वाचक

उत्तर : अजिबात बसवू नका. असे लोक तिथल्या तिथे घट्ट होणारे प्लास्टिक थेट हिरडीवर ओततात आणि शेजारच्या दातांना तारेने बांधतात. ते काढता येत नाही, खालून धुता येत नाही. आत पू होतो, तारेने बांधलेले चांगले दात हलू लागतात. साखर असलेल्या माणसाला तर हा संसर्ग फारच महागात पडतो.

आईंच्या तोंडात ब्रिजला मागचा खांबच नाही. पुढच्या दातांवरून मागे तीन दाढा लोंबत्या ठेवल्या तर ते दात उखडतील. मधली जागा असती तरीही लांब ब्रिज धोक्याचाच असतो, कारण लांबी दुप्पट झाली की दाबाखालचा बाक आठपट होतो. त्या वाकण्याने सिमेंट सुटते.

आईंसाठी दोन मार्ग आहेत : काढघाल करता येणारी अर्धी कवळी किंवा इम्प्लांट. इम्प्लांटआधी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी, तपासून आटोक्यात आणावी लागते. मिसरीही सोडावी लागेल. तिने जखम नीट भरत नाही आणि हिरड्या मुळांवरून सरकतात. खर्चाची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा.

प्रश्न : ब्रिज बसवून सहा वर्षे झाली. दुखत नाही, पण एका बाजूने वास येतो आणि चावताना किंचित हलल्यासारखे वाटते.
– एक वाचक, हिंगोली

उत्तर : या आठवड्यातच दाखवा. बहुधा एका कॅपचे सिमेंट सुटले आहे आणि दुसऱ्या कॅपने ब्रिज धरून ठेवला आहे. आरशासमोर ब्रिज बोटाने वर-खाली दाबून बघा. कॅपच्या कडेने लाळेचे बुडबुडे आले तर खात्री समजा. सुटलेल्या कॅपखाली लाळ आणि अन्न शिरून दात झपाट्याने किडतो. रूट कॅनाल झालेला असेल तर शेवटपर्यंत दुखतही नाही. वेळेत कळले तर ब्रिज काढून, कीड साफ करून पुन्हा काम होते. उशीर झाला तर आधाराचा दातच जातो आणि एकाच्या जागी दोन दातांची उणीव होते.

ब्रिज हातात आला तर धुऊन डबीत ठेवा. दुकानातल्या झटपट गमने चिकटवू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. उघडे दात थोड्याच दिवसांत जागा बदलतात आणि मग तोच ब्रिज बसत नाही.

नवा ब्रिज बसला की खोट्या दाताखालून सफाई करायला डॉक्टरांसमोरच शिका. सुपरफ्लॉसचे (दातांच्या फटी साफ करायच्या खास दोऱ्याचे) कडक टोक खोट्या दाताखालून पलीकडे काढायचे आणि फुगीर भाग दोन्ही कॅपच्या कडेला घासत पुढे-मागे ओढायचा. फट मोठी असेल तर बाटलीच्या ब्रशसारखा बारीक इंटरडेंटल ब्रश चालतो. रोज रात्री, झोपण्याआधी. कीड बहुधा याच कडेपासून सुरू होते आणि नुसता साधा ब्रश तिथे पोचत नाही.