वाचकांचे प्रश्न : सळईचा खणखणाट कुठे हरवतो?

प्रश्न : जालन्याच्या एमआयडीसीत सळया पडतानाचा आवाज मोबाइलवर घेतला. दोन सप्तकं खाली उतरवून १४० बीपीएमच्या (मिनिटाला १४० ठोके) इंडस्ट्रियल टेक्नो ट्रॅकमध्ये टाकला, तर नुसता गढूळ घुमारा येतो. काय चुकतंय?

उत्तर : आवाज उत्तम निवडलात, तयार सॅम्पल पॅकमध्ये (आवाजांच्या संचांत) असलं लोखंड मिळत नाही. त्याची धार दोन ठिकाणी जाते. एक, रेकॉर्डिंगलाच: मोबाइलचं ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय) ठोक्याचं टोक दाबतं. ते बंद करता येईल असं अ‍ॅप वापरा, वेव्ह फाइल (आवाज न आक्रसता साठवणारी) ठेवा, मोठ्यात मोठा ठोका कमाल पातळीच्या खाली, उणे १२ डीबीच्या आसपास राहू द्या. दुसरं, पिच (स्वराची उंची) उतरवताना: ४८ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने घेणाऱ्या फाइलमध्ये त्याच्या निम्म्याच्या, २४ किलोहर्ट्झच्या वर काही नसतंच. प्रत्येक सप्तकाला ती हद्द निम्मी होते, दोन सप्तकं उतरवली की ६ वर येते. मग खणखणाट उरणार कुठून?

म्हणून दोन प्रती करा. मूळ पिचच्या प्रतीतले पहिले ३०-४० मिलिसेकंद कापून घ्या, शेवटी छोटा फेड द्या (आवाज हळूहळू शून्यावर न्या), नाहीतर ‘टिक’ ऐकू येते. उतरवलेली प्रत त्यामागे शेपटीसारखी जोडा. तिच्यावर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारा इफेक्ट), आणि त्यानंतर १५० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा आवाज गाळणारा फिल्टर). क्रम उलटा केलात तर डिस्टॉर्शन खालचा गाळ पुन्हा तयार करतं.

ठोका किकवर (ट्रॅकमधल्या मुख्य ढोलाच्या ठोक्यावर) नको, दोन किकच्या मधोमध ठेवा. १४० ला दोन किकमध्ये ४२९ मिलिसेकंद असतात. म्हणजे सगळं मिळून २१० च्या आत संपवा. रिव्हर्ब (खोलीतल्यासारखा घुमारा) लावायचाच तर वेगळ्या ट्रॅकवर, किकला साइडचेन करून, म्हणजे किक वाजताना तो आपोआप दबेल.