सिंगापूरला टोस्टवर खाल्ला तसा काया घरी कसा करायचा? माझा दर वेळी फुटतो आणि अंड्याचा वास येतो

फुटणं आणि वास, दोन्हीचं कारण एकच, आच जास्त होतेय. काया म्हणजे अंडी, साखर, नारळाचं दूध आणि पांदानची (एका सुगंधी झाडाची) पानं, बस, त्यात लपवायला काही नाही, त्यामुळे घाई केली की लगेच कळतं. मी सिंगापूरला राहते आणि इथे आता घरोघरी बाटलीच आणतात, पण घरी ढवळलेल्या कायाची चव बाटलीला नाही हो, हे मी अगदी मनापासून सांगते.

आधी ठरवा कुठला हवाय. हिरवा तो न्योन्या पद्धतीचा, म्हणजे इथल्या चिनी-मलय मिश्र घरांतला, त्यात पांदानचा रस असतो. तपकिरी तो हैनानी, म्हणजे चीनच्या हैनान बेटावरून आलेल्या लोकांचा, त्यात साखर जाळून घेतात. टोस्टच्या जुन्या दुकानांमागे बहुतेक हैनानी लोकच आहेत, त्यातले बरेच ब्रिटिशांच्या घरी आणि जहाजांवर स्वयंपाकी होते, तिथूनच टोस्ट आणि बटर यात आलं. त्या दुकानांपैकी ‘या कुन’ 1944 चं, ‘किलिनी’ तर 1919 पासूनचं.

मला तपकिरी आवडतो म्हणून तोच सांगते. 3 अंडी आणि 2 जास्तीचे पिवळे बलक, 200 मिली नारळाचं जाड दूध (पहिलं, पाणी अगदी कमी घालून काढलेलं, टिनमधलं चालेल पण पावडर नको), 180 ग्रॅम साखर. त्यातली 50 ग्रॅम साखर कोरडीच कढईत मधासारख्या रंगावर आणा, काळी नको, कडू होते. गॅस बंद करून कोमट दूध हळूहळू ओता, उसळतं, हात जपा. गाठ झाली तर मंद आचेवर विरघळवा आणि पूर्ण कोमट होऊ द्या. अंडी उरलेल्या साखरेत फेस न आणता कालवायची, दुधात मिसळायची आणि मिश्रण गाळून घ्यायचंच, पांढऱ्याचे तंतू निघून जातात.

आता खरं काम. खाली पाणी हलकं उकळतंय, वरच्या भांड्याला ते टेकत नाहीये, पांदानच्या 4-5 पानांची गाठ मारून आत टाकलीय, आणि तुम्ही ढवळताय, तळ आणि कडा खरवडत, पाऊण तास तरी. 80 अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतं, त्याच्या फार वर गेलं की अंडं गोठून दुधापासून वेगळं होतं आणि तोच तुमचा वास. कडेला दाणे दिसले तर भांडं लगेच खाली उतरवा. कॉर्नफ्लोअर घालू नका प्लीज, घट्ट होतो पण खीर लागते. थोडा फुटलाच तर पानं काढून मिक्सरमधून फिरवा, बऱ्यापैकी सावरतो. गरम असताना पातळच वाटेल, गार झाल्यावर बसतो.

पांदान मिळत नसेल तर कोकणातल्या नर्सरीत विचारा, भाताला वास यावा म्हणून लावतात ते झाड तेच असतं, बासमती आणि आंबेमोहोरात जो सुगंधी घटक आहे तोच यात. केवडा त्याचा नातेवाईक पण वास वेगळा आणि फार उग्र, इसेन्स टाकू नका.

खाताना ब्रेड पातळ आणि कडक भाजा, काया भरपूर, आणि खारं बटर फ्रिजमधून काढलेलं, कापच्या काप ठेवायचा, वितळवून फासायचं नाही. बाजूला अर्धवट उकडलेली अंडी, वर सोया सॉस आणि पांढरी मिरी. काया फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो, चमचा कोरडा घ्या.