मालवणच्या समुद्रातला दगडी प्रवाळ घरच्या टाकीत वाढवता येईल का?

मालवणला स्नॉर्केलिंग करताना दिसलेल्या दगडी प्रवाळाचा बोटभर तुकडा आणून घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत वाढवता येईल का, असे आपण विचारले आहे. कायद्याने येणार नाही. दगडी प्रवाळांच्या सर्व जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला आहेत. तुकडा मेलेला असला तरी तो जवळ बाळगणे गुन्हाच ठरते. शिवाय मालवणचा तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी टाकीतले पाणी आपल्याला दाद देणार नाही. आपण ज्याला दगड समजतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा असतो आणि जिवंत भाग म्हणजे त्यावरचा पातळ थर. भिंगातून पाहिल्यास पृष्ठभागावर बारीक वाट्या दिसतात. प्रत्येक वाटीत कडेपासून मध्याकडे जाणारे उभे पडदे असतात, बहुधा सहाच्या पटीत. या वाटीत राहणारा पॉलिप, म्हणजे प्रवाळाचा इवलासा जीव, पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत ओढून घेत असतो. समुद्रात ही तूट जाणवतही नाही, पण दोनशे लिटरच्या टाकीत ती रोज भरून काढावी लागते. लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम असलेले कॅल्शियम लवकर खालावत नाही. आधी घसरते ती अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचे प्रमाण, आणि नवखे लोक नेमकी तीच मोजत नाहीत. परदेशातले अनेक हौशी लोक त्यासाठी उडून गेलेल्या पाण्याच्या जागी चुन्याची निवळी थेंबथेंब सोडतात (चुना शुद्ध हवा, पानाच्या डबीतला नव्हे) आणि तेही शक्यतो रात्री, कारण तेव्हा पाण्याचा पीएच उतरलेला असतो आणि चुन्याने तो वर चढतो.

दुसरी अडचण उन्हाळ्याची. पाणी काही आठवडे ३१-३२ अंशांवर राहिले, तर पॉलिपला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले त्याला सोडून जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हीच वेळ आली होती. आपल्याकडच्या मे महिन्यात चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय, टाकी २६ अंशांवर राहत नाही, आणि वीज गेली की चिलरही बंद पडतो.

माझ्या टाकीत म्हणूनच प्रवाळ नाहीत. सिरॅमिकचे खडक आणि क्लाउनफिशची एक जोडी आहे. आपणही तिथूनच सुरुवात करावी.